नऊ किलोची होडी

माजलगावात कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की माणूस ती आधी उचलून बघतो. पितळी पातेलं असो, लोखंडी कपाट असो, नाहीतर पायातली चप्पल. हाताला जड लागली की माल चांगला. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, गावात वजनाला मान असणारच. त्यामुळे बसवेश मेनकुदळे सरांनी स्टाफरूममध्ये सांगितलं, की आपण मुलीसाठी होडी घेतोय आणि ती होडी जितकी हलकी तितकी महाग असते, तेव्हा गणिताच्या सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे माल कमी आणि पैसे जास्त?"

"हो."

"मग अजिबात माल नसला तर काय घेतात?"

मराठीच्या बाईंनी तिला होडी म्हणावं, नाव म्हणावं की नौका, यावर मधली सुट्टी आणि पुढचा तास घेतला. एकमत झालं नाही. आपण होडीच म्हणू.

होडी सरांना स्वतःला नको होती, हे आधीच सांगितलेलं बरं. सरांचा विषय भूगोल. गोदावरीच्या उपनद्या, उजव्या कोणत्या आणि डाव्या कोणत्या, हे त्यांनी झोपेत सांगितल्याचं त्यांच्या पत्नीने, महादेवीबाईंनी, स्वतः ऐकलं होतं. पण सिंदफणेच्या काठी सगळी हयात गेली तरी पाणी त्यांच्या घोट्याच्या वर कधी आलं नव्हतं. होडी हवी होती रुद्राणीला. वय सतरा, मुलगी एकुलती एक. दिवाळीच्या सुट्टीत ती कोलाडला शिबिराला गेली आणि परत आली ती वेगळीच होऊन आली. तिथल्या खळाळत्या पाण्यावर दोन-दोन दांड्या टांगून फाटकं केलेली असतात. होडीत गुडघ्यावर बसायचं, एकाच पात्याचं वल्हं घ्यायचं आणि दांडीला धक्का न लावता सगळ्या फाटकांमधून निघायचं. धक्का लागला की दंड म्हणून वेळ वाढतो, फाटक चुकलं तर फारच वाढतो. जूनमध्ये राज्याच्या संघाची निवड होती. पहिले तीन जाणार. होडी आपापली आणायची.

"आपापली म्हंजे?" महादेवीबाईंनी विचारलं. "घरोघर असत्यात का?"

सरांनी होडीची निवड शास्त्रीय पद्धतीने करायचं ठरवलं. म्हणजे त्यांनी एक कार्डशीट आणलं. त्यावर अकरा रकाने आखले: लांबी, रुंदी, वजन, ताठपणा, चिवटपणा, दुरुस्तीची सोय वगैरे. एका रकान्याला काय नाव द्यावं हे सुचेना म्हणून त्यात 'शेरा' लिहिलं. मग त्यांनी होड्या बनवणाऱ्या विजयमालाबाईंना फोन लावला. या बाई पूर्वी स्वतः स्पर्धेत उतरायच्या. आता पुण्याकडे एका शेडमध्ये हाताने होड्या घडवतात.

"पाणी कुठल्या दर्जाचं आहे तुमच्याकडे?" बाईंनी पहिलाच प्रश्न टाकला.

"आठ दिवसांतून एकदा नळाला येतं," सर म्हणाले. "तसं मध्यम आहे. गाळून घेतो आम्ही."

बाईंना नदीच्या खळाळाचा दर्जा हवा होता. मग त्यांनीच समजावून सांगितलं, की या होड्या कापडाचे थर राळेत भिजवून करतात. काचतंतूचं कापड जड पण सोसणारं, केवलार चिवट, कार्बन सगळ्यांत हलका आणि ताठ, पण कडेवर आपटला तर तडकणारा. शुद्ध कार्बनची नऊ किलो भरते, काचतंतू आणि केवलार मिसळलेली साडेबारा.

"साडेतीन किलोचाच तर प्रश्न आहे," सर म्हणाले.

"साडेतीन किलो हातात धरून दीडशे सेकंद नाचून बघा," बाई म्हणाल्या. "मुलगी काय म्हणते?"

"ती लहान आहे अजून."

"पप्पा, नऊ किलोची," रुद्राणी शेजारून म्हणाली. सरांनी तिचं मत 'शेरा' या रकान्यात लिहिलं आणि ते स्वतः साडेबाराकडे झुकले. शेवटी बाईच म्हणाल्या, की होडी बघून घ्यायची नसते, बसून घ्यायची असते. दोन्ही पाठवते, महिनाभर चालवा, एक ठेवा, एक परत करा.

त्या दोन्ही होड्या मे महिन्याच्या एका दुपारी टेम्पोतून आल्या. टेम्पोवाल्याचं चुकलं एवढंच, की धूळ लागू नये म्हणून त्याने त्या पांढऱ्या चादरींत गुंडाळून सुतळीने बांधल्या होत्या. साडेअकरा फुटांचे, टोकाला निमुळते, पांढरे दोन. टेम्पो दारात थांबला आणि पाच मिनिटांत गल्ली गोळा झाली. शेजारच्या केशरबाई डोळ्याला पदर लावूनच आल्या.

"कोण गेलं वो सर? आन् दोघं एकदम?" मग त्यांना एक शंका आली आणि पदर खाली आला. "पर तुमच्या लिंगायतांत तर मयत बसवून नेत्यात ना?"

महादेवीबाईंनी त्यांना घरात नेऊन साखरेचं पाणी दिलं, आणि त्या दिवशी नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

केशरबाईंचे यजमान विठ्ठलराव हे गल्लीतलं मोठं प्रस्थ. चाळीस एकर ऊस, पंचायत समितीचं माजी सभापतिपद, आणि दुसऱ्याच्या प्रत्येक खरेदीत शेवटचा शब्द. त्यांनी नऊ किलोची होडी एका हाताने उचलली. चेहऱ्यावर अशी करुणा आली, की सरांना स्वतःचीच कीव वाटली.

"सर, ही कागदाची हाय."

"कार्बन आहे, विठ्ठलराव."

"म्हंजे कागदाच्या आतला काळा का? फसवलं तुमाला. माझी उसाची बैलगाडी सांगा, चार गडी लागत्यात उचलाया. त्याला म्हन्त्यात गाडी."

होड्या घरात मावेनात. पुढच्या दारातून गेल्या तर मागच्या दारातून टोक बाहेर यायचं. शेवटी दोरीने गच्चीवर चढवल्या. साडेबारा किलोचीला सरांनी दोन विटा लावल्या. नऊ किलोचीला लावणार, तेवढ्यात खाली कुणीतरी हाक मारली.

त्या संध्याकाळी वावटळ आली. वाळत घातलेले कपडे उडाले, कुणाचा तरी कुलरचा पत्रा उडाला आणि नऊ किलोची होडी, जिचं गुणगान विजयमालाबाईंनी फोनवर पाऊण तास केलं होतं, ती गच्चीच्या कठड्यावरून अलगद उचलली गेली. बघणारे सांगतात, की ती हवेत एकदा डौलात वळलीसुद्धा. मग ती विठ्ठलरावांच्या गोठ्याच्या पत्र्यावर उतरली. पत्र्याला घमेल्याएवढा खड्डा पडला. आतल्या म्हशीने दोन दिवस धार दिली नाही. तिसऱ्या दिवशी दिली, पण आभाळाकडे बघत.

सर पळत गेले ते माफी मागायच्या तयारीने. विठ्ठलराव होडीभोवती फिरत होते. त्यांनी तिला बोटाने टकटक केलं, नखाने खरवडलं.

"पत्रा चेपला, सर," ते म्हणाले. "आन् हिला वरखडा न्हाई." त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच आदर होता. "हीच घ्या. कोन म्हन्लं कागदाची हाय?"

आता होडी चालवायची कुठे, हा प्रश्न उरला. धरणाचं पाणी निवांत. त्यात फक्त तोंडओळख होणार. रुद्राणीला खळाळ हवा होता, आणि खळाळ एकाच ठिकाणी होता: कालव्यात. उन्हाळी आवर्तन सुरू होतं, कालवा काठोकाठ चालला होता, आणि गावापासून सहा किलोमीटरवर त्याला एक पायरी होती, तिथून पाणी चार फूट खाली कोसळून फेसाळत पुढे जायचं. त्यासाठी परवानगी हवी. सर अर्ज घेऊन पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात गेले.

टेबलापलीकडच्या कारकुनाने छापील नमुना पुढे केला. 'होडी पाण्यात उतरवण्याचे प्रयोजन' या ओळीखाली तीनच पर्याय होते: मासेमारी, पाणी उपसा, बुडालेल्या इसमाचा शोध.

"यात 'इतर' नाही," सर म्हणाले.

"इतर कामाला लोक होडी वापरत नाहीत, सर."

"मग हा तिसरा पर्याय टाकू?"

"चालेल की. पण आधी इसम बुडायला पाहिजे. पंचनामा जोडावा लागतो."

"आणि उपसा?"

"मोटर किती हॉर्सपॉवरची आहे?"

सरांनी मासेमारीवर खूण केली. त्या क्षणी त्यांच्या मनात काही नव्हतं. पण मासेमारी म्हटलं की मच्छीमार सोसायटीचा ना-हरकत दाखला आला, दाखला सभासदालाच मिळतो, आणि रुद्राणी सतरा वर्षांची असल्यामुळे सभासद व्हावं लागणार होतं पालकाला. म्हणजे सरांना. गळ्यात लिंग असलेल्या, दारावर विभूतीचे पट्टे ओढलेल्या, केकमध्ये अंडं आहे का हे बेकरीवाल्याला शपथेवर विचारणाऱ्या बसवेश मेनकुदळे सरांना. त्यांनी फॉर्म भरला, फोटो चिकटवला, आणि चार दिवसांनी कार्ड हातात आलं. व्यवसाय: मासेमारी.

कार्ड त्यांनी भूगोलाच्या पुस्तकात लपवलं. महादेवीबाईंनी ते तिथूनच काढलं.

"हे काय हाय?"

"कागदोपत्री आहे ते."

"कागदोपत्री कोळी झालाव तुमी? आन् स्वैपाक काय मी बी कागदोपत्रीच करू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी केजहून सासऱ्यांचा, रुद्रप्पांचा, फोन. रुद्रप्पांचं केजच्या बाजारात किराणा दुकान. गिऱ्हाईक तोडायचं नाही म्हणून ते वाईट बातमीसुद्धा गोड आवाजात सांगत.

"शरणार्थी जावईबापू," त्यांनी लिंगायती नमस्कार घातला. "सगळं बरं हाय ना? जाळं घेतलं म्हने तुमी."

"नाही नाही, मामा. फक्त होडी."

"असं व्हय. न्हाई, इथं मठात इषय निघालता. मी म्हनलं, शिक्षकाचा पगार येळेवर होत नसंल." थोडं थांबून ते म्हणाले, "लागलं तर सांगा. ज्वारी धाडतो. पर हे असलं नका करू."

सरांचा स्वाभिमान त्या दिवशी जेवायला बसला नाही. गल्लीतून जाताना पोरं 'सर, भाव काय?' विचारायची. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुख्याध्यापकांनी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या त्यात केकच्या शेजारी एक मासा होता. चुकून पडला असेल, असं सरांनी स्वतःला दोन दिवस समजावलं.

एवढं होऊनही दाखला हातात आला नव्हता. सोसायटीचे चेअरमन आप्पाराव हे सत्तरीचे, उन्हाने काळवंडलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी नियमांची वही काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. नव्या सभासदाने पाण्यात होडी चालवून दाखवायची. ज्याच्या नावावर कार्ड, त्यानेच. मदतनीस एक चालेल.

"मुलगी चालवेल हो," सर म्हणाले. "मी फक्त नावाला आहे."

"आमच्यात नावाला कोन नसतं, सर," आप्पाराव म्हणाले.

शनिवारी सकाळी आठ वाजता कालव्यावर अर्धं गाव होतं. विठ्ठलराव खुर्ची घेऊन आले होते. केशरबाईंनी सोबत शेंगदाणे आणले होते. महादेवीबाई येणार नाही म्हणाल्या होत्या आणि सगळ्यांच्या आधी येऊन बाभळीखाली उभ्या होत्या. सरांच्या अंगात जीवरक्षक जाकीट, डोक्यावर लाल टोप. इथपर्यंत ठीक होतं. पण होडीत पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती एक रबरी झालर घालावी लागते आणि तिची कड होडीच्या तोंडावर ताणून बसवावी लागते. काठावर उभ्या माणसाला तो घागराच दिसतो.

"सर, फुगडी घाला!" कुणीतरी ओरडलं.

सर नऊ किलोच्या होडीत गुडघ्यावर बसले. मांड्यांवरून पट्टे आवळले गेले. रुद्राणी दुसऱ्या होडीत शेजारी आली.

"पप्पा, ऐका. इथंच कडेकडेनं जायचं. त्या लोखंडी पुलाच्या पुढं न्हाई जायचं. आन् उलटलात तर ही समोरची कडी ओढायची, मग बाहेर याल. कळालं?"

"कळालं," सर म्हणाले. वर्गात पोरं म्हणतात त्याच आवाजात.

पहिले वीस फूट फार चांगले गेले. सरांनी वल्हं डावीकडे मारलं, होडी उजवीकडे गेली. हे त्यांना अपेक्षितच होतं, फळ्यावर त्यांनी असे बाण काढले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर हात वर करून अभिवादनाला वळले. हलकी होडी ही अशी, की माणूस वळला की तीही वळते. ती वळली, आडवी झाली, पाण्याने तिला मधोमध धरलं आणि सर उलट्या तोंडाने पुलाखालून निघून गेले. त्यांचा एक हात अजून वरच होता. पलीकडच्या लोकांना वाटलं, सर निरोप घेताहेत.

पायरी आली ती त्यांना दिसलीच नाही, कारण त्यांचं तोंड गावाकडे होतं. एकदम खालून आधार गेला, आभाळ पायाकडे आलं, आणि सिमेंटच्या कडेवर 'टक्' असा कोरडा आवाज झाला. मग सगळं हिरवट-तपकिरी आणि थंड. सर उलटे लटकत होते. कडी ओढायची, एवढं आठवत होतं. कडी समोर म्हणजे कोणत्या बाजूला, हे ठरेना. आयुष्यभर दिशा शिकवल्या आणि आता वर कुठे हे सापडेना, याची त्यांना त्या पाण्यातसुद्धा लाज वाटली. नाकातोंडात पाणी गेलं. आणि मग एक हात आला, पोरीचाच, त्याने झालर खसकन ओढली, पट्टे सुटले, आणि जाकीट त्यांना बुचासारखं वर घेऊन गेलं.

त्यांच्यामागे पायरीवरून उडी घेऊन आलेल्या रुद्राणीने आपल्या होडीचं शेपूट त्यांच्या हातात दिलं आणि दात आवळून वल्हं मारत त्यांना काठाला लावलं. काठावर महादेवीबाई उभ्या होत्या, चप्पल कुठे राहिली होती कोण जाणे. त्यांनी सरांना जाकिटाला धरून ओढलं आणि पदराने त्यांचं डोकं खसाखसा पुसायला लागल्या, लाल टोपावरूनच.

रुद्राणीने वल्हं मातीत फेकलं. मग ओरडलीच.

"पप्पा, तुमाला पोहता येत न्हाई? सांगितलं कावून न्हाई?"

सरांनी आधी बरंचसं कालव्याचं पाणी परत केलं. "फॉर्ममध्ये तो रकाना नव्हता," ते म्हणाले. मग जरा वेळाने, हळू आवाजात, "तुझी निवड अडली असती, बाई."

रुद्राणी त्यांच्या शेजारी ओल्या मातीत बसली आणि लहानपणी रडायची तशी भोकाड पसरून रडली. महादेवीबाईंनी दोघांकडे पाठ केली आणि कालव्याकडे बघत राहिल्या. विठ्ठलराव खुर्चीवरून उठून उभे होते. केशरबाईंनी शेंगदाणे बांधून ठेवले.

आप्पाराव सावकाश चालत आले. वहीत डोकावून म्हणाले, "पान्यात उतरले. भाईर बी आले. नियमात एवढंच हाय." आणि दाखल्यावर सही केली.

नऊ किलोच्या होडीला नाकापासून वीतभर तडा गेला होता. सरांनी तसंच ओलं बसून विजयमालाबाईंना फोन लावला.

"तडकली? मग ती तुमची झाली," बाई म्हणाल्या. "साडेबाराची परत पाठवा."

दोन महिने, अकरा रकाने आणि स्टाफरूमच्या तीन बैठकांत न झालेली निवड झाली होती. रुद्राणीने हे ऐकलं आणि तिचं रडणं मध्येच थांबलं. "म्हंजे नऊ किलोचीच?" तिने डोळे पुसत विचारलं.

तडा बुजवायचं कापड आणि राळ बाईंनी पाठवली. ते काम बाप-लेकीने चार दिवसांत केलं. सरांनी राळेचं प्रमाण काटेकोर मोजलं आणि थर मात्र इतके दिले, की होडी साडेनऊ किलो झाली. रुद्राणीने पॉलिश पेपर घेऊन त्यातले पाव किलो घासून काढले. उरलेल्या दिवसांत ती रोज पहाटे कालव्यावर, आणि सर काठावर, हातात दोरी, अंगात जाकीट. पाण्यापासून ते दहा फूट लांब उभे राहत, पण जाकीट काढत नसत.

कोलाडला निवडीच्या दिवशी रुद्राणी सोळाव्या फाटकाला दांडीला खेटली. सरांनी डोळे मिटून घेतले ते महादेवीबाईंनी चिमटा काढेपर्यंत. निकाल लागला तेव्हा ती तिसरी होती. चौथीपेक्षा सेकंदाच्या आठ दशांशाने पुढे. सरांनी तो आकडा तळहातावर पेनाने लिहिला आणि दोन दिवस तो हात नीट धुतला नाही. रुद्रप्पांनी केजच्या दुकानात गिऱ्हाइकांना पेढे वाटले आणि मठात जाऊन स्वतःच विषय काढला.

ऑगस्टमध्ये आप्पारावांनी नव्या सभासदांच्या परीक्षेची वही सरांकडे सोपवली, आणि पुढच्याच रविवारी विठ्ठलराव घरी आले. बसले. चहा घेतला. पावसावर बोलले, उसावर बोलले, पुन्हा पावसावर आले.

"सर," ते शेवटी म्हणाले, "आमची वैष्णवी, नात, बारावीला हाय. तुमच्या रुद्राणीचं पेपरात आल्यापासून तिनं घर डोक्यावर घेतलंय. होडी पाहिजे म्हन्ती. म्यां म्हनलं, सर आपल्या घरचेच हायेत. तेवढं सोसायटीत सांगून दाखल्याचं बघा."

"वय किती तिचं?"

"सतराच की."

"मग कार्ड तुमच्या नावावर काढावं लागेल," सर म्हणाले.

"काढू. त्यात काय?"

"आणि पाण्यात उतरून दाखवावं लागेल. आमच्यात नावाला कोणी नसतं."

विठ्ठलरावांनी कप बशीत ठेवला. "सर, आपली वळख हाय ना?"

"ओळख आहे म्हणूनच शनिवार देतोय. सकाळी आठला."

शनिवारी कालव्यावर सगळं गाव होतं. पांढऱ्या शुभ्र शर्टावर जाकीट, खाली काळा घागरा, डोक्यावर लाल टोप, अशा थाटात माजी सभापती रुद्राणीच्या होडीत गुडघे टेकून बसले होते, आणि त्यांच्या मिशा ताठ होत्या तरी हनुवटी हलत होती. वैष्णवी आणि रुद्राणी दोन्ही काठांवर दोर घेऊन सज्ज होत्या. पुलाखाली सरांनी या वेळी आडवा दोर बांधून घेतला होता. काठावर केशरबाई पदर डोळ्याला लावायच्या तयारीत होत्या.

सरांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि सभासदाकडे वाकून, अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं,

"विठ्ठलराव, पोहता येतं का?"

विठ्ठलरावांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, आणि मान हलवली. नाही.

"मग कडी दोन्ही हातांनी धरून ठेवा," सर म्हणाले, "आणि हात कुणाला करू नका." आणि त्यांनी होडी पाण्यात ढकलली.